सेसना उडवताय, सिरस घेताय? आधी लॉगबुक दाखवा

गेल्या अंकात गाडीच्या विम्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की स्वतःचं छोटं विमान असलेल्या माणसाला गाडीवाल्यांची रडगाणी फारच किरकोळ वाटतील. वाटलं होतं कोणाचं लक्ष जाणार नाही. पण मेल आले, फोन आले, एक गृहस्थ तर पार्ल्याच्या मार्केटात मेथी निवडताना भेटले आणि पिशवी तशीच हातात धरून पंधरा मिनिटं हल पॉलिसीवर, म्हणजे खुद्द विमानाच्या विम्यावर, बोलत उभे राहिले, मेथीवाली वैतागली. मुंबईत स्वतःचं विमान असलेली किंवा घ्यायच्या बेतात असलेली माणसं मोजकीच, पण त्यांना विचारायला जागा नाही हेही खरं. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत बरीच वर्षं एव्हिएशनच्या टेबलावर काढलीयेत, त्यामुळे या वेळचा कॉलम त्यांचा. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचा.

प्रश्न : सर, वय ४६, तारापूरला छोटी फॅक्टरी आहे. पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) आहे, उडण्याचे १४० तास झालेत, सगळे सेसना १७२ वर. आता सेकंडहँड सिरस एसआर२२ घ्यायचं चाललंय, सगळं धरून चार कोटींच्या घरात जातंय. ब्रोकरनी विम्याचा कोट आणला तो बघून बायको म्हणाली दर वर्षी एवढे भरायचे? आणि त्याच ब्रोकरच्या दुसऱ्या एका क्लायंटला त्याच मॉडेलवर माझ्यापेक्षा खूप कमी रेट मिळालाय. मला टोपी घालतायत का? – विलेपार्ले

उत्तर : टोपी नाही घालत. विमान तुम्हा दोघांचं सारखंच आहे, पण अंडररायटरच्या, म्हणजे धोका तोलून रेट ठरवणाऱ्याच्या, टेबलावर दोन वेगळे पायलट गेलेत. गाडीच्या विम्यात काय असतं, आयडीव्ही, सीसी, कुठलं शहर, झालं, गाडी तुम्ही चालवता का तुमचा काल गावाहून आलेला भाचा चालवतो हे कोणी विचारत नाही. विमानाच्या प्रपोजलबरोबर पायलटचा वेगळा फॉर्म असतो आणि खरं सांगतो, आम्ही आधी तोच उघडायचो, विमानाचं पान नंतर. एकूण तास किती, गेल्या वर्षभरात किती, गेल्या नव्वद दिवसांत किती, आणि ज्या विमानाचा विमा मागताय त्याच टाइपवर किती. तुमच्या फॉर्मवर शेवटच्या रकान्यात शून्य आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या तिथे तीनशे-चारशे असणार, मी पैज लावतो.

आता तुम्ही म्हणाल की दोन्ही सिंगल इंजिनच, दोन्हीची चाकं बाहेरच, मग एवढा काय फरक? फरक असाय की अमेरिकेत २०० हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन असलं की ते विमान हाय-परफॉर्मन्स धरतात आणि त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घेऊन इन्स्ट्रक्टरची सही लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, लागते. तुमची १७२ ही १६० किंवा १८० हॉर्सपॉवरची, एसआर२२ ची ३१०. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, १७२ तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते, सिरस सव्वातीनशेच्या वर. पण आम्हाला घोर क्रूझचा नसतो, लँडिंगचा असतो. १७२ फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, साठ-पासष्ट नॉट्सनी (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर) येते, एसआर२२ पंचाहत्तर-ऐंशीनी, ऐकायला फरक थोडा वाटतो पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते आणि वजनही जवळपास दीडपट, म्हणजे चाकं टेकताना ब्रेकनी आणि रनवेनी जिरवायची ऊर्जा दुपटीच्या वर जाते. १४० तास हाताला ज्या वेगाची सवय लागलीय त्या सवयीनी माणूस फ्लेअर करतो, म्हणजे टेकायच्या आधी नाक वर घेतो, विमान तरंगत राहतं, कंट्रोल पुढे ढकलला की नाक आधी टेकतं, उडी मारतं, दुसरी उडी, तिसऱ्या उडीला प्रॉपेलर जमिनीला लागतो. ही गोष्ट मी क्लेम फाइलमध्ये इतक्या वेळा वाचलीये की पहिल्या पानावरच पुढचं कळायचं.

पॅराशूटचं बरेच जण विचारतात. सिरसमध्ये छताला लाल हँडल असतं, ओढलं की रॉकेट सुटतं आणि अख्खं विमान पॅराशूटला लटकत खाली येतं. २००२ साली पहिल्यांदा एका खऱ्या पायलटनी ते खऱ्या संकटात ओढलं आणि चालत घरी गेला. म्हणजे प्रीमिअम कमी व्हायला हवा ना? हलचा नाही होत, कारण पॅराशूटनी उतरलेलं विमान बहुतेक वेळा भंगारातच जातं. माणसं वाचतात, कंपनीचा लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्यांना द्यायच्या भरपाईचा, डोंगर टळतो, फायदा तिथे. आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत सिरसचा रेकॉर्ड काही धड नव्हता, पॅराशूट होतं पण माणसं ओढायचीच नाहीत, ‘मी सांभाळतो’ म्हणत जमिनीपर्यंत जायची. पुढे ट्रेनिंगमध्येच ‘आधी ओढा’ हे बिंबवायला लागले तेव्हा कुठे मृत्यू घटले. त्यामुळे अंडररायटर विचारतो ते पॅराशूट आहे का हे नाही, ट्रेनिंग कोणाकडे घेतलं हे विचारतो. हो, आणि ते पॅराशूट दर दहा वर्षांनी काढून नवीन पॅक बसवावं लागतं, तो खर्च बराच आहे, सेकंडहँड घेताना तारीख बघा नाहीतर जुना मालक हसत हसत ती जबाबदारी तुमच्या गळ्यात घालेल.

पैशाचा हिशोब करू. समजा हल रेट तुम्हाला २ टक्के लावलाय, चार कोटींवर ८ लाख, लायबिलिटीचा १ लाख धरा, ९ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ६२ हजार, एकूण १० लाख ६२ हजार. त्या दुसऱ्याला समजा १.२ टक्के, ४ लाख ८० हजार अधिक तोच १ लाख, जीएसटी धरून ६ लाख ८४ हजार ४००. फरक पावणेचार लाखांच्या वर. हे आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या कोटमधले घालून बघा. आता हेच पावणेचार लाख तुम्ही एका वर्षात कमवू शकता, कसे ते सांगतो. सिरस शिकवणारा मान्य इन्स्ट्रक्टर गाठा, त्याच्याबरोबर वीस-पंचवीस तास उडा, तोपर्यंत पॉलिसीत पायलट म्हणून त्याचंच नाव असू दे आणि तुम्ही शेजारी बसून शिकताय असं ब्रोकरला लिहून द्यायला सांगा. नंतर तुमचं नाव चढवा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडायची परवानगी) करा. वर्षभर क्लेम नको. पुढच्या रिन्युअलला रेट उतरतो, मी स्वतः उतरवलेत.

एक मात्र पाळा, फॉर्मवर तास फुगवून लिहू नका. १४० चे २४० केले तर त्या दिवशी कोणी तपासणार नाही. क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर पहिली वस्तू मागतो ती लॉगबुक.

प्रश्न : काका, टेक्सासमध्ये माझा मामेभाऊ बोनान्झा विमान उडवतो, त्याचा प्रीमिअम टक्केवारीत आपल्यापेक्षा बराच कमी दिसतो. आपल्याकडे विमा कंपन्या नफा लाटतात का? – मुलुंड

उत्तर : नफ्याचं सोडा, इथे मुद्दा डोक्यांच्या संख्येचा आहे. तिकडे लाखाच्या वर छोटी विमानं आहेत, हजार बोनान्झांचा पैसा एका गंगाजळीत जमतो आणि त्यातून दहा-वीस जणांचे क्लेम भागतात. आपल्याकडे अख्ख्या देशात एखाद्या टाइपची चार-पाच विमानं असतात, त्यातलं एक धावपट्टीवरून घसरलं की त्या टाइपचा अनेक वर्षांचा प्रीमिअम गेला. म्हणून इथली कंपनी सगळा धोका स्वतःकडे ठेवतच नाही, थोडा भाग चर्चगेटला जीआयसी री या री-इन्शुररकडे (विमा कंपन्यांचा विमा उतरवणारी कंपनी) आणि बाकी लंडन वगैरे बाजारात पुढे ढकलते, आणि रेट तिकडून येतो. त्यामुळे जुहूच्या विमानतळावर हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या तुमच्या विमानाचा रेट जगात कुठेतरी भलत्याच विमानाला काहीतरी झालं म्हणून वाढू शकतो. २०१९ च्या आसपासपासून हे जाणवायला लागलं, मोठमोठ्या एअरलाइनच्या क्लेमनी री-इन्शुरर पोळले आणि फटका चार सीटवाल्यांनाही बसला. अन्याय आहे, पण तक्रार कोणाकडे करणार.

आणि अमेरिकेतही सगळं आलबेल नव्हतं हं. अपघात झाला की विमान बनवणाऱ्यावरच खटला, मग विमान तीस वर्षं जुनं का असेना, यातून लायबिलिटीचा खर्च एवढा वाढला की १९८६ मध्ये सेसनानी पिस्टनची सिंगल इंजिन विमानं बनवणंच बंद केलं. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला, की छोटं विमान १८ वर्षांपेक्षा जुनं असेल तर बनवणाऱ्यावर साधारणपणे दावा करता येणार नाही, तेव्हा कुठे १९९६ पासून ती पुन्हा बनायला लागली. आपल्या फ्लाइंग क्लबात एवढी जुनी सेसना का दिसतात याचं एक कारण हेही आहे.

प्रश्न : मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, डोंबिवली. मित्राची जुनी बोनान्झा घ्यायचा विचार आहे, बाजारात साधारण दोन कोटींची धरा. विमा १ कोटी २० लाखांचाच काढला तर प्रीमिअम वाचेल, नाही का? टोटल लॉस कितीसे होतात? आणि चाकं आत जातात याचा विमावाले एवढा बाऊ का करतात?

उत्तर : डॉक्टर, आधी एक आगाऊपणा माफ करा. बोनान्झा १९४७ पासूनची, देखणं विमान, पण तिच्या व्ही-शेपटीच्या जुन्या मॉडेलला अमेरिकेत टोपणनावच ‘डॉक्टर किलर’ पडलं होतं. पैसा भरपूर, वेळ कमी, विमान अनुभवापेक्षा दोन पायऱ्या वरचं, असं गणित. तुम्ही तसे नसाल. पण अंडररायटरला तुमच्या प्रपोजलवर डॉक्टर हा शब्द दिसला की तो चष्मा पुसतो, हे माहीत असू दे.

आता तुमचा वाचवण्याचा बेत. विमानाच्या विम्यात बहुधा ठरलेली किंमत असते, म्हणजे पॉलिसी काढताना तुम्ही आणि कंपनी मिळून एक आकडा लिहिता आणि टोटल लॉसला तोच मिळतो, घसारा बिसारा नाही. हा आकडा कमी लिहिलात तर काय होतं बघा. समजा गिअर, म्हणजे चाकं, बाहेर न काढता उतरलात आणि दुरुस्तीचं एस्टिमेट ९५ लाख आलं. मोडक्या विमानाला कोणी ४० लाख द्यायला तयार आहे. कंपनी हिशोब करते, टोटल लॉस धरून १ कोटी २० लाख द्यायचे आणि सांगाडा ४० ला विकायचा, पदरचे गेले ८० लाख, दुरुस्ती केली तर ९५. झालं, विमान गेलं विमा कंपनीकडे. तुमच्या हातात १ कोटी २० लाख आणि बाजारात तसंच विमान दोन कोटींना. तेच दोन कोटींचा विमा असता तर टोटल लॉस कंपनीला १ कोटी ६० लाखांना पडला असता, म्हणून तिनी मुकाट ९५ ची दुरुस्ती केली असती. प्रीमिअममधले लाखभर वाचवायला तुम्ही ऐंशी लाखांचा खड्डा खणताय. उलट फुगवूनही लिहू नका, मग ज्याची खरी जागा भंगारात आहे ते विमान दुरुस्त करत करत कंपनी तुमच्या दारात दीड वर्षानी आणून उभं करेल.

बाहेरून आणणारे लोक अजून एक चूक करतात, परदेशातल्या बिलाचाच आकडा लिहितात. ड्युटी, विमान इथवर उडवत आणायचा खर्च, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानाला जीएसटी ४० टक्के. विमान इथे उभं राहायला जेवढे लागले तो आकडा धरा.

चाकांचं सांगतो. एकदा सर्व्हेअरबरोबर एका धावपट्टीवर गेलो होतो, नाव नको. लांबून वाटलं विमान दमून बसलंय. जवळ गेलो तर पोटावर पसरलेलं, आत मागच्या सीटवर चहाचा थर्मास अजून उभाच्या उभा, एवढं अलगद उतरवलं होतं बिचाऱ्यानी. फक्त चाकं काढायची राहिली. प्रॉपेलरची तिन्ही पाती टोकाशी मागे वळलेली, उन्हात टाकलेली केळीची पानं वळतात तशी. पोटाखालच्या अँटेनाचा तुकडा दोनशे फूट मागे सापडला, सर्व्हेअरनी तो रुमालात गुंडाळून घेतला. मालकाला विचारलं चाकं बाहेर नसली की भोंगा वाजतो तो ऐकू नाही आला का, तर म्हणाले आला ना, सारखा वाजत होता, मला वाटलं हेडसेट बिघडला म्हणून मी वायर हलवून बघत होतो. आम्ही दोघंही हसलो नाही, गाडीत बसेपर्यंत.

वरवर बघितलं तर काय, पोटाचा पत्रा आणि प्रॉपेलर. पण फिरतं इंजिन असं अचानक अडलं की इंजिन बनवणारी कंपनी सांगते अख्खं उघडून तपासा. ते उघडतात, क्रँकशाफ्ट तपासायला जातं, गरज पडली तर परदेशी जातं, सहा-आठ महिने जातात. आणि उघडल्यावर आत जे आधीपासून झिजलेलं सापडतं, सिलिंडर म्हणा, बेअरिंग म्हणा, त्याचे पैसे विमा देत नाही, ते तुमचे. कोणाला ओरखडा नाही आणि बिल मात्र असं. म्हणून बाऊ. रिट्रॅक्टेबल गिअरवर (आत जाणाऱ्या चाकांच्या विमानावर) तुमचे किती तास आहेत हा रकाना त्यासाठीच असतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून एक मूनी (छोटं विमान) घ्यायची म्हणतोय, भिशीसारखे पैसे काढून. दोघांचे पाचशेच्या वर तास आहेत, एकाचे दोनशे, एकाचं लायसन्स आत्ताच आलंय. विम्याचा खर्च चौघांत सारखा वाटायचा का? – बोरिवली

उत्तर : वाटा, पण रेट ठरणार तो चौथ्यावर. चार पायलटांची सरासरी कोणी काढत नाही, पॉलिसीवर नाव असलेल्यांपैकी सगळ्यात कच्चा कोण ते बघतात. त्यामुळे पहिल्या वर्षी त्याचं नाव टाकूच नका, त्याला उजवीकडे बसवा, वाढलेला फरक पुढे त्यानी एकट्यानी भरावा असं आधीच कागदावर घ्या, मैत्रीत शब्द तोंडी राहिले की पुढे चहाचंही बिल वेगळं मागतात. अपघात झाला तर सुरुवातीची ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, कोण भरणार हेही लिहा. उडवणारा का चौघं?

आणि एक कलम असतं, ओपन पायलट. म्हणजे नाव नसलेल्या माणसालाही, ठरलेले तास असतील तर, विमान उडवायला चालतं. लोकांना वाटतं म्हणजे त्या पाहुण्या पायलटचाही विमा झाला. तसं बहुतेक वेळा नसतं. विमान मोडलं तर तुम्हाला पैसे मिळतात, आणि मग कंपनी तुमच्या जागी उभी राहून त्या पाहुण्याकडून वसुली करू शकते. मित्राला प्रेमानी चावी द्यायची आणि सहा महिन्यांनी त्याला विमा कंपनीच्या वकिलाची नोटीस. द्यायचीच असेल तर त्याचं नाव आधी चढवून घ्या.

प्रश्न : नमस्कार. मिस्टर ६८ वर्षांचे आहेत, स्वतःचं सहा सीटचं सिंगल इंजिन विमान आहे, आमच्या कंपनीच्या नावावर. दिवाळीत मुलगी, जावई, नातू सगळे त्यातून शिर्डीला जायचं म्हणतायत. विमा आहे आहे असं ते म्हणतात, पण नक्की कोणाचा आहे ते सांगत नाहीत. – ठाणे

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न या वेळचा सगळ्यात चांगला आहे आणि तो मिस्टरांनी विचारायला हवा होता. पॉलिसीचा कागद घेऊन बसा आणि मी सांगतो ते शोधा.

लायबिलिटीचा एक मोठा आकडा असेल, समजा दहा कोटी. त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रत्येक प्रवाशासाठी वेगळी मर्यादा आहे का बघा. समजा ती वीस लाख आहे. मग खाली रस्त्यावर कोणाचं नुकसान झालं तर दहा कोटींपर्यंत, पण तुमच्या नातवासाठी वीस लाखच. लोक मोठा आकडा बघून निश्चिंत होतात. आणि प्रवासी म्हणजे कोण याची व्याख्या वाचा. विमान तुमच्या कंपनीच्या नावावर आहे म्हणता, तर कंपनीचे डायरेक्टर आणि नोकर कामावर असताना बहुधा या कलमाबाहेर असतात. तुम्ही स्वतः डायरेक्टर आहात का? आपल्याकडे असतातच बायका, सही करायला. घरच्या माणसांबद्दल काय लिहिलंय तेही ब्रोकरकडून लेखी मागा. आणि पायलट हा प्रवासी नसतोच, म्हणजे मिस्टरांचं स्वतःचं या पॉलिसीत काही नाही, त्यांना क्रूचा पर्सनल ॲक्सिडेंट वेगळा घ्यावा लागतो.

आता कपाटातून आयुर्विम्याच्या पॉलिसी काढा. त्यातल्या अपघाती लाभाच्या रायडरला साधारण अट असते की विमान प्रवास चालेल, पण नेहमीच्या अधिकृत विमान सेवेचा प्रवासी म्हणून. स्वतः उडवत असताना किंवा खासगी विमानात, बहुतेक ठिकाणी नाही. टर्म प्लॅन घेताना फॉर्ममध्ये उडण्याचा छंद आहे का असं विचारलेलं असतं, तिथे त्यांनी काय लिहिलंय बघा. ‘नाही’ असं लिहिलं असेल तर आजच कंपनीला कळवा, भांडण झालं तरी चालेल.

वयाचं म्हणाल तर सत्तरी जवळ आली की अंडररायटर हात आखडता घेतात, रेट वाढवतात, लायबिलिटी कमी करतात किंवा सोबत दुसरा पायलट हवा म्हणतात, खास करून मोठ्या इंजिनाच्या विमानाला. एकदा कंपनी सोडली तर या वयात दुसरी पटकन दारात उभं करत नाही, म्हणून शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी दर वर्षी कंपनी बदलायचा नाद आता सोडा म्हणावं. दर वर्षी इन्स्ट्रक्टरबरोबर रिकरंट ट्रेनिंग (उजळणी) करून त्याचा कागद फाइलला लावा. आणि मेडिकलची, म्हणजे उडायच्या फिटनेस सर्टिफिकेटची, तारीख तुम्ही तुमच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. मेडिकल संपलेलं असताना उडाले तर कंपनीला नाही म्हणायला तेवढं पुरतं, अपघाताचं कारण भलतंच का असेना.

प्रश्न : जून ते सप्टेंबर विमान जुहूला नुसतं उभं असतं. त्या चार महिन्यांचा प्रीमिअम परत मिळतो का? आणि मागच्या पावसानंतर पंखाच्या जोडाशी गंज निघाला, त्याचा क्लेम होईल का? – अंधेरी

उत्तर : पहिल्याचं हो, पण आधी मागितलं असेल तरच. ले-अप म्हणतात त्याला, विमान ठरावीक दिवस सलग जमिनीवर राहणार असं कळवायचं, त्या काळात फक्त उभ्या विमानाचा विमा चालू राहतो आणि उडण्याच्या भागाचा काही पैसा परत मिळतो. पॉलिसीत ते कलम हवं आणि ऑगस्टमध्ये ऊन पडलं म्हणून एक चक्कर मारली तर गेलं सगळं. उभ्या विमानाचा विमा मात्र कधी बंद करू नका. वादळात दोर तुटून दुसऱ्याच्या विमानावर गेलेलं विमान मी बघितलंय. तसंही जुहू आणि पावसाचं नातं जुनं आहे, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेही एका इंजिनाचंच पस मॉथ, पण पावसाळ्यात इथे एवढं पाणी भरायचं की ती सेवा चार महिने पुण्याला हलवावी लागायची.

गंजाचं नाही. हळूहळू होत गेलेलं कुठलंही नुकसान, झीज, गंज, पॉलिसीत स्पष्ट वगळलेलं असतं. एका दिवसात, एका घटनेत झालेलं हवं. हेच इंजिनालाही लागू आहे बरं का, आकाशात इंजिन आपसूक बसलं तर इंजिनाचे पैसे नाहीत, पण त्यामुळे तुम्ही शेतात उतरलात आणि पंख मोडला तर पंखाचे मिळतात. कोणी खुन्नस काढून टायर फाडले तर? तेही साध्या हल पॉलिसीत नाही, मुद्दाम केलेली नासधूस, संप, दंगल, अपहरण हे सगळं वॉर रिस्कच्या खात्यात जातं आणि तो विमा वेगळा घ्यायचा. लोक नाव ऐकून म्हणतात मला कुठे युद्धावर जायचंय, आणि तोच नेमका घेत नाहीत.

जुहूला खारा वारा आहे, ढगांपेक्षा तोच जास्त खातो. पंखाच्या जोडात गंज म्हणजे आधी इंजिनिअरला दाखवा, विमा मागाहून.

प्रश्न : अलिबागजवळ भावाची सहा एकर जागा आहे, सपाट आहे. तिथे पट्टी आखून माझी सिरस उतरवली तर विमा चालेल का? दोन मित्रांकडून पेट्रोलचे पैसे घेईन. – जुहू

उत्तर : दोन्हीला नाही. विमान बनवणाऱ्यानी जेवढी लांबी आणि जसा पृष्ठभाग सांगितलाय तसा नसलेल्या जागी उतरलात तर पॉलिसी अंग काढून घेते, इंजिन बंद पडून नाइलाजानी उतरलात तर गोष्ट वेगळी. डीजीसीएच्या परवानगीचा भाग अजून वेगळाच. आणि सहा एकर म्हणजे जागा चौकोनी धरली तर एक बाजू जेमतेम दीडशे मीटर, एसआर२२ तिथे उतरणार नाही, भावाच्या आंब्यात जाईल. पैशाचं म्हणाल तर पॉलिसीवर खासगी वापर लिहिलंय, मित्राच्या हातून नोटा घेतल्या की विमा कंपनी विचारणार हा खासगी वापर कसला, आणि उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा, तासाभरात पोचता. गाडी पण नेता येते.